घर बांधून देणारा सुतार
(आपल्या शिंपी ज्ञातिसंघाच्या नंदुरबार येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाचे निमंत्रणपत्र आले तेव्हा त्यात माझ्या भाषणाचा विषय 'ज्ञातीची उन्नती' असा लिहिलेला होता. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. माझे सारे आयुष्य तलाठ्याच्या दप्तरात गेले. सातबारा, फेरफार आणि पीकपाहणी यांपलीकडे माझी विद्या नाही. म्हणून मंडळाची क्षमा मागून मी विषय थोडा आखूड करून घेतला आहे. आपण शिंपी, मापाहून कापड अधिक निघाले तर ते कापून घेणे आपल्याला शोभतेच. मी आज केवळ घराविषयी बोलणार आहे. ज्या कुटुंबाला स्वतःचे घर नाही त्याला ते कसे मिळावे, आणि त्या कामी या ज्ञातिसंघाने काय करावे, एवढाच माझा प्रश्न आहे. या प्रश्नाचा मंगल कार्यालयासाठी आपण जमविलेल्या निधीशी संबंध येणार आहे, हेही मी आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे मागाहून कोणाला फसविल्यासारखे वाटावयास नको.

माझे वडील शहाद्याकडील एका खेड्यातून नंदुरबारला आले ते पाठीवर एक वळकटी आणि उधारीवर घेतलेले एक पायमशीन घेऊन. दिवसा ते बाजारात एका कापडवाल्याच्या ओट्यावर बसत आणि रात्री राहत्या खोलीत कंदिलाच्या उजेडात उरलेले काम उरकीत. आई काजे-बटणे आणि तुरपाई करी. भाड्याची खोली एकच. तिच्यातच चूल, मशीन, ग्राहकांच्या कापडांचे गाठोडे आणि आम्ही चार भावंडे. बावीस वर्षांत आम्ही सात खोल्या बदलल्या. कधी घरमालकाच्या मुलाचे लग्न ठरे आणि त्याला खोली हवी होई, कधी रात्रीच्या मशीनच्या आवाजाने कोणाची झोपमोड होई, तर कधी भाडे वाढे. प्रत्येक वेळी हातगाडीवर आधी मशीन चढे आणि सर्वांत शेवटी आईची डब्यातली तुळस.

भाड्याच्या घराने आपले काय जाते असे विचारले तर पुष्कळ लोक भाड्याचा आकडा सांगतील. परंतु शिंप्याचे याहून मोठे नुकसान निराळेच आहे. नोकरदाराने बिऱ्हाड बदलले तर त्याची कचेरी जागेवरच राहते. शिंप्याने बिऱ्हाड बदलले म्हणजे त्याचा धंदाच उठतो. खेड्यातला माणूस बाजाराच्या दिवशी जुन्या पत्त्यावर येतो, दार बंद पाहतो, आणि हातातले कापड घेऊन शेजारच्या दुसऱ्या शिंप्याकडे जातो. पुढल्या खेपेस तो तिकडेच जातो. वडिलांनी सात वेळा नव्याने ग्राहक जोडले. त्यांच्या हातात सफाई होती म्हणून ते जोडू शकले. सगळ्यांच्याच हातात ती नसते.

आई फार बोलणारी नव्हती. प्रत्येक नव्या खोलीत पहिल्या संध्याकाळी दिवा लावून झाला की ती वडिलांना एकच प्रश्न विचारी, "आपलं घर कव्हय व्हई?" वडील काही न बोलता मशीनमध्ये तेल घालीत बसत. ते गेले तेही भाड्याच्याच खोलीत. घरमालक गृहस्थ वाईट नव्हते. तथापि देह अंगणात ठेवावयास आम्हाला त्यांची परवानगी मागावी लागली, आणि ती देताना त्यांनी "लवकर आटपा" असे दोन शब्द म्हटले. त्या दोन शब्दांबद्दल मी त्यांना आजवर दोष दिलेला नाही. अंगण त्यांचे होते.

आता आपल्या श्रीनामदेवमहाराजांची एक गोष्ट. महाराजांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि पंजाबात घुमान येथे त्यांचे मोठे स्थान आहे. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले तेव्हा आपल्यापैकी काही मंडळी जाऊनही आली. त्या पदांपैकी एकात शेजारीण महाराजांना विचारते की नाम्या, तुझे छप्पर कोणी शाकारले ते मला सांग, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. महाराज उत्तर देतात की माझा सुतार मजुरी म्हणून प्रीती मागतो. कीर्तनकार या पदाचा अर्थ परमार्थाकडे नेतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातली शेजारीण अधिक आठवते. तिला देवाशी काही कर्तव्य नव्हते. तिला आपल्या गळक्या छपराची चिंता होती, आणि ज्याचे घर नीट झाले त्याला तिने सुताराचा पत्ता विचारला. आपल्या ज्ञातीत आज अशा पुष्कळ शेजारणी आहेत. त्या पत्ता विचारीत आहेत, आणि आपण त्यांना मेळाव्याची पत्रिका देत आहोत. (हशा.) हसू नका, पत्रिकांचे मसुदे गेली दोन वर्षे मीच केले आहेत.

ज्ञातीने पुढाकार घेऊन घरे उभारावी ही कल्पना माझी नव्हे, आणि नवीही नव्हे. मुंबईत चित्रापूर सारस्वत ज्ञातीचे राव बहादूर श्रीपाद सुबराव तालमकी यांनी शंभर वर्षांपूर्वीच ती करून दाखविली. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि १९०६ साली तालमकींनी श्यामराव विठ्ठल यांच्या नावाने ज्ञातिबांधवांची पतपेढी काढली. तीच पुढे बँक झाली. १९०४ चा कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या नव्या कायद्याने घरबांधणीसारख्या इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागली. त्या संधीचा लाभ घेऊन १९१५ साली मुंबईच्या गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. त्या व्यवस्थेची खुबी अशी की इमारत संस्थेच्या मालकीची, आणि राहणारा हा संस्थेचा भागीदार. म्हणजे तोच भाडेकरू आणि तोच मालकांपैकी एक. भाडे द्यावयाचे ते आपल्याच संस्थेला, आणि घराबाहेर काढणारा परका कोणी उरला नाही. आज मुंबई-पुण्याकडे दर चार पावलांवर सहकारी गृहनिर्माण संस्थेची पाटी दिसते; त्या साऱ्या गावदेवीच्या त्या संस्थेच्या वंशातल्या म्हणावयास हरकत नाही.

परंतु तालमकींचे उदाहरण जसेच्या तसे आपल्या अंगाला बसणार नाही. त्यांची मंडळी बहुधा कचेऱ्यांत आणि पेढ्यांत नोकरी करणारी; दरमहा पगार ठरलेला, हप्ता ठरलेला. आपल्याकडे पगाराची चिठ्ठी नाही. लग्नसराईत आणि शाळेच्या गणवेशाच्या दिवसांत हातात पैसा खेळतो, आणि श्रावण-भाद्रपदात मशीनवर धूळ बसते. तयार कपड्यांनी उरलेसुरले कामही निम्मे केले. तरुण मुले तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरत-उधन्याला जातात आणि तिकडे पुन्हा भाड्याच्या खोलीत चौघे-पाचजण राहतात. अशा माणसाला बँक कर्ज देताना हजार प्रश्न विचारते, आणि तिचाही सर्वस्वी दोष नाही.

मग सरकार आहे की नाही? आहे, आणि ते काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंदिरा आवास योजना १९८५ पासून होती. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. तीत सपाटीवरील गावी १,२०,००० रुपये व डोंगराळ आणि दुर्गम भागात १,३०,००० रुपये असे अर्थसाह्य ठरले, आणि घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे असावे असा नियम झाला. शिवाय रोजगार हमीतून स्वतःच्या घरावर काम केल्याची मजुरी आणि शौचालयाची रक्कम वेगळी. आदिवासी बांधवांसाठी शबरी योजना आहे, अनुसूचित जातींसाठी व नवबौद्धांसाठी रमाई योजना आहे, आणि २०२३ साली इतर मागासवर्गीयांसाठी तीन वर्षांत दहा लाख घरांची मोदी आवास योजना राज्याने जाहीर केली. तीत आपली ज्ञाती मोडते. नगरपालिका हद्दीत, ज्याची जागा स्वतःची आहे त्याला वैयक्तिक घरकुलासाठी केंद्र व राज्य मिळून अडीच लाखांपर्यंत साह्य २०१५ च्या नागरी योजनेने देऊ केले.

इतकी साह्ये असूनही आपल्या ज्ञातीतील घरकुलांचे अर्ज का अडतात, याचा मी गेल्या वर्षभर शोध घेतला. या कामी तलाठ्याची सवय उपयोगी पडली. लोकांच्या घरी जाऊन कागद मागावयाला मला संकोच वाटत नाही. मला दोन अडचणी सापडल्या आणि दोन्ही साध्या आहेत.

पहिली अडचण जागेची. ज्याला घर नाही त्याला बहुधा जागाही नसते, आणि ज्याला जागा नाही त्याला घरकुल मिळत नाही. ग्रामीण भागात जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना राज्याने काढली आणि पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आरंभी ५०,००० रुपयांपर्यंत साह्य ठरविले. परंतु शहराला लागून रस्त्यापाशी जागा घ्यावयाची म्हणजे तेवढ्याने भागत नाही. दुसरी अडचण हप्त्यांची. घरकुलाचा पैसा एकदम मिळत नाही. पाया झाला की त्याचे छायाचित्र काढून एक हप्ता, पुढे भिंती झाल्या की दुसरा, असा तो टप्प्याटप्प्याने येतो. हे योग्यच आहे, नाहीतर पैसा लग्नात जाईल. पण याचा अर्थ असा की प्रत्येक टप्पा आधी स्वतःच्या पैशाने उभा करावयाचा आणि मग हप्त्याची वाट पाहावयाची. ज्याच्या घरात दोन महिन्यांचे धान्य नाही त्याने पाया कशाने भरावा? तो शेकडा पाच रुपये महिन्याच्या व्याजाने उचल घेतो. हप्ता आला की तो सावकाराकडे जातो. भिंती कमरेइतक्या होऊन थांबतात, आणि त्यांच्यात पावसाळ्यात एरंड उगवतो. अशी तीन घरे मी आपल्याच ज्ञातीत पाहिली. त्यांपैकी एकात ताडपत्री टाकून मशीन चालू होते.

जागेच्या अडचणीविषयी मला अधिक बोलावयाचे आहे, कारण येथे माझा स्वतःचा अपराध आहे. माझ्या धाकट्या भावाने शहराबाहेर, मिरचीच्या पथारींच्या पलीकडे, एक 'प्लॉट' घेतला. विकणाऱ्याने शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून दिले, नोटरीचा शिक्का मारला, चार साक्षीदारांनी सह्या केल्या. भावाने बायकोचे दागिने मोडून ऐंशी हजार रुपये मोजले. मी तेव्हा अक्कलकुव्याकडे नोकरीवर होतो. त्याने मला फोन करून सांगितले की दादा, जागा घेतली. मी म्हणालो, छान झाले, दिवाळीला आलो की कागद पाहीन. दिवाळीला मी आलो आणि कागद पाहिला. सातबाऱ्यावर ती जमीन एका भिल्ल कुटुंबाची होती. विकणारा मधला दलाल. त्याचे नाव त्या उताऱ्यावर कोठेही नव्हते. भावाचे पैसे बुडाले. ते का बुडाले हे आपल्यापैकी प्रत्येकाने समजून घ्यावयास हवे, म्हणून कायदा थोडक्यात सांगतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातील कलम ३६ अ प्रमाणे १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून विकत घेता येत नाही. असा व्यवहार झाला तरी तो टिकत नाही आणि जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. आपल्या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, शंभरांत एकोणसत्तर माणसे आदिवासी आहेत. म्हणजे शहराभोवतालची पुष्कळशी जमीन याच कायद्याखाली येते. हा कायदा आपल्या गैरसोयीसाठी झालेला नाही. ज्यांना १९७२ सालचे शहाद्याचे दिवस आठवतात त्यांना ठाऊक आहे की अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेची मंडळी कशासाठी उभी राहिली होती. अंगठे घेऊन किती जमिनी गेल्या होत्या, हे मी पुढे जुन्या फेरफारांत माझ्या डोळ्यांनी वाचले आहे. माझ्या भावाचे ऐंशी हजार गेले याचे मला दुःख आहे. परंतु ती जमीन भावाकडे गेली असती तर त्या भिल्ल कुटुंबाचे जे गेले असते ते ऐंशी हजारांहून मोठे होते, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

मी दोष देतो तो स्वतःला. मी तलाठी होतो. "घेण्यापूर्वी सातबारा वाचून दाखव" एवढे वाक्य मी वेळेवर बोललो असतो तर वहिनीच्या अंगावर आज तिचे दागिने असते. म्हणून माझे सांगणे असे आहे की, जागा घेताना पुढील गोष्टी पाहिल्याशिवाय कोणी एक रुपयाही देऊ नये. नोटरीच्या कागदाने स्थावराची मालकी मिळत नाही. शंभर रुपयांवरील स्थावराचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेच पाहिजे, असा १९०८ चा कायदा आहे. विकणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर, आणि जुन्या शहरात मिळकत पत्रिकेवर, असलेच पाहिजे. सातबाऱ्यातला 'इतर हक्क' हा रकाना पुष्कळ लोक वाचतच नाहीत. बोजा, वारस, कूळ आणि ३६ अ चा शेरा तेथेच असतो. जमीन बिनशेती झाली आहे का आणि आराखडा मंजूर आहे का, हे पाहावे. आणि शक्य तेथे खरेदी पत्नीच्या नावाने करावी. एकट्या स्त्रीच्या नावे राहती मिळकत घेतल्यास मुद्रांक शुल्कात शेकडा एक रुपयाची सवलत राज्याने २०२१ साली दिली. पण सवलत ही किरकोळ बाब आहे. नवरा गेल्यावर जिला दीर घराबाहेर काढतो ती बाई आपल्या ज्ञातीत मी पाहिली आहे, आणि आपणही पाहिली आहे.

आता इतरांनी काय केले ते थोडक्यात पाहू. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी १९८० नंतरच्या दशकात 'महिला मिलन' या नावाने बचतीचे गट बांधले. ज्यांची झोपडी पालिका केव्हाही उचलून नेई, त्या बाया रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकीत. 'स्पार्क' ही १९८४ सालची संस्था आणि झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ त्यांच्या पाठीशी होता. महासंघाचे जोकिन अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. या बायांनी घराचा नमुना कोणा वास्तुशास्त्रज्ञाकडून काढून घेतला नाही. लाकडाची चौकट आणि कापड लावून त्यांनी खऱ्या मापाचे घर उभे केले, त्यात वावरून पाहिले, आणि चौदा फूट उंचीची खोली व निम्म्यावर माळा असा आराखडा स्वतः ठरविला. कापडाने घर बेतणे! हे तर आपल्या धंद्यातले काम; आपल्याला ते आधी कसे सुचले नाही? पुढे मानखुर्दला मिलननगर उभे राहिले.

सोलापूरला विडी वळणाऱ्या बायांची गोष्ट याहून मोठी. कुंभारी येथे कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली आणि २००६ साली तिचा ताबा देण्यात आला. केंद्र, राज्य आणि कामगार यांनी खर्चाचा भार वाटून घेतला होता. त्यानंतर जवळच रे नगर येथे तीस हजार घरांचे काम हाती घेतले गेले आणि त्यांपैकी पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. त्या संघटनेचे राजकारण आपणा सर्वांना पसंत पडेल असे नाही. मलाही पडत नाही. पण घरे उभी आहेत, आणि त्यांच्यात शिवणकाम करणारी कुटुंबेही आहेत.

परदेशातले एक उदाहरण देतो, कारण त्यातली एक युक्ती आपल्या फार उपयोगाची आहे. अमेरिकेत जॉर्जिया संस्थानात मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ साली 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था काढली. घर फुकट द्यावयाचे नाही, आणि नफाही घ्यावयाचा नाही, असा तिचा मूळ नियम. कुटुंबाने स्वतःच्या घरावर आणि शेजाऱ्याच्या घरावर अंगमेहनत करावी, उरलेली किंमत बिनव्याजी हप्त्यांनी फेडावी, आणि परत आलेल्या पैशातून पुढल्याचे घर उभे राहावे. भारतात तिचे काम १९८३ पासून आहे. २००६ साली लोणावळ्याजवळ मळवलीच्या बाजूला या संस्थेने एका आठवड्यात शंभर घरांचे काम केले तेव्हा अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष कार्टर, वय ब्याऐंशी, तेथे स्वतः काम करावयास आले होते. फिरता पैसा, ही ती युक्ती. दान एकदा दिले की संपते; हातउसना दिलेला पैसा परत येतो आणि दुसऱ्या दारी जातो.

म्हणून माझी सूचना अशी. मंगल कार्यालयासाठी जमलेल्या निधीचा निम्मा भाग 'घरकुल निधी' म्हणून वेगळा काढावा. किती रक्कम आहे ते खजिनदार सांगतील. मी उदाहरणासाठी दहा लाख धरतो. ज्या कुटुंबाचे घरकुल मंजूर झाले आहे त्याला पाया भरण्यासाठी पन्नास हजार रुपये बिनव्याजी द्यावे. हप्ते येत जातील तसे त्याने ते परत करावे. दहा लाखांत एका वेळी वीस कुटुंबे होतात. फेड व्हावयास पुरे एक वर्ष लागेल असे धरले तरी पाच वर्षांत, आणखी एक पैसा न घालता, शंभर कुटुंबांच्या भिंती छपरापर्यंत जातील. पैसा रोख न देता विटा-सिमेंटच्या दुकानी परस्पर द्यावा. दरमहा एकादशीला हिशेबाची वही सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावी. पाच-पाच कुटुंबांनी एकमेकांस जामीन राहावे. निवड करणाऱ्या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात; कोणाचे छप्पर खरोखर गळते हे त्यांना पुरुषांपेक्षा अधिक ठाऊक असते. आणि जागेचे कागद फुकट तपासून देण्यासाठी दर शनिवारी मी स्वतः संघाच्या कचेरीत बसेन. माझे हे कर्ज भावाकडे राहिले आहे.

यावर काय आक्षेप येतील ते मला ठाऊक आहे. काही तर आज सकाळी चहाच्या वेळीच माझ्या कानी आले. एक असा की आपल्या मुलींची लग्ने दुसऱ्यांच्या कार्यालयांत लागतात आणि भाडे भरताना आपली मान खाली जाते. हे खरे आहे, आणि ज्या वडीलधाऱ्यांनी दारोदार फिरून हा निधी जमविला त्यांच्या मनातले स्वप्न लहान नव्हते. म्हणूनच मी निम्माच भाग मागतो आहे. दुसरा आक्षेप कायद्याचा. देणगी ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणाला ती लावली पाहिजे, हे बरोबरच आहे. तेव्हा देणगीदारांची लेखी संमती घ्यावी लागेल, वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल आणि संस्थेच्या उद्देशांतील बदल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रीतसर करून घ्यावा लागेल. त्याला एक वर्ष लागेल. लागू द्या. तोवर कागद तपासण्याचे आणि अर्ज भरून देण्याचे काम तरी बिनपैशाने सुरू होईल. तिसरा आक्षेप, पैसे परत येणार नाहीत. काही येणार नाहीत. परंतु संघाने आजवर सत्कार-समारंभांसाठी दिलेले पैसेही परत आलेले नाहीत, आणि त्याबद्दल कोणी सभेत प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

चौथी गोष्ट आक्षेप नव्हे, माझी मागणी आहे, आणि ती कदाचित आपल्यापैकी पुष्कळांना रुचणार नाही. या निधीतून दर पाच कुटुंबांमागे एक कुटुंब ज्ञातीबाहेरचे असावे. तालमकींच्या काळी ज्ञातीने ज्ञातीपुरते पाहिले. तो काळ तसा होता. आपली घरे बांधणारा गवंडी, डोक्यावरून विटा वाहणारी बाई, ही बहुधा भिल्ल वा मावची असते. शबरी योजनेत तिचे घर मंजूर झालेले असते आणि पायापाशी अडलेले असते, अगदी आपल्यासारखेच. ती आपल्या घराच्या भिंती उभ्या करून संध्याकाळी ताडपत्रीखाली निजावयास जाते. आपल्या महाराजांची ती शेजारीण कोणत्या ज्ञातीची होती हे त्या पदात लिहिलेले नाही.

माझी आई आता नाही. माझे स्वतःचे घर झाले तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. वास्तुशांतीच्या दिवशी ती फार बोलली नाही. तुळशीचा डबा, तोच जुना पत्र्याचा, तिने स्वतः अंगणात नेऊन ठेवला आणि माझ्या भावाला म्हणाली की आता हिला कुंडी आण. भावाचे घर अद्याप झालेले नाही. त्याचा घरकुलाचा अर्ज या वर्षी मी भरला आहे. माझा भाऊ म्हणून त्याचे नाव या निधीच्या पहिल्या यादीत असू नये, हेही मी येथेच लिहवून ठेवतो.

अध्यक्षमहाराज, ठरावाचा मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे. सूचक म्हणून माझे नाव आहे. अनुमोदकाची जागा कोरी ठेवली आहे. भगिनींपैकी कोणी ती भरावी अशी माझी इच्छा आहे. मागच्या रांगेत कोणी उठलेले दिसते आहे. त्यांना पुढे येऊ द्यावे. मी खुर्ची मोकळी करतो.